श्रीहरीनं निवडलेली साडी

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सत्यशीलाला नवऱ्यानं स्वतःच्या हातानं निवडून कधी साडी आणली नव्हती. श्रीहरी वाईट माणूस होता अशातला भाग नाही. भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात त्यानं सगळी नोकरी काढली, कधी बाटलीला शिवला नाही, कधी बायकोवर हात उगारला नाही. सणासुदीला तिला घेऊन कापडाच्या दुकानात जायचा, पण आत शिरला की बाकावर बसून राहायचा. तिनं एखादा पदर खांद्यावर टाकून विचारावं, "अवो, हे कशी दिसते?" तर म्हणायचा, "तुले पसंत हाय न, मंग झालं." मान वर करून पाहायचाही नाही. पुढंपुढं तिनं विचारणंच सोडून दिलं.

आता तर विचारायची सोयही राहिली नव्हती. काही वर्षांपासून श्रीहरीचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी तो बाजारातून घरी यायची वाट विसरला. मग मुलाचं, अश्वजितचं नाव विसरला. डॉक्टरांनी सांगितलं, हे दुखणं औषधानं थांबायचं नाही, फार तर सावकाश वाढेल. गेल्या पावसाळ्यापासून तो सत्यशीलाला 'बाई' म्हणू लागला होता. "बाई, पाणी देता का जी?" "बाई, मले घरी जाचं हाय." शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या बाईशी बोलावं तसा, अदबीनं. पहिल्यांदा त्यानं तसं म्हटलं तेव्हा ती न्हाणीत जाऊन रडली होती. पुढं सवय झाली. सवय झाली म्हणजे रडणं बंद झालं, एवढंच.

अशात एक दिवस दीपिकानं फोनवरचा मेसेज वाचून दाखवला. दीपिका म्हणजे अश्वजितची बायको. राजुऱ्याची मुलगी, तोंडाची बडबडी, पण सासू-सासऱ्यांवर जीव असलेली. कारखान्याच्या कॉलनीतल्या क्लबात जानेवारीत निवृत्त कामगारांसाठी एक संध्याकाळ ठेवली होती. जेवण, जुनी गाणी, आणि अट एकच. सत्तर-ऐंशी सालात घालत तसे कपडे घालून यायचं.

"आपल्याले नाई जमत ते," सत्यशीला म्हणाली. "ह्यायले कुठी नेतं? गर्दी पाह्यली का घाबरतात."

"आई, उलट चांगलंच होईन," दीपिका म्हणाली. "जुनं काही डोळ्यापुढं आलं का डोक्यातलं जुनं जागं होते म्हणतात. बाबाले आत्ताचं याद नाई राह्यत, पण जुनं तं असन न कुठीतरी."

हे मात्र सत्यशीलाच्या मनात रुतून बसलं. जुनं म्हणजे आपणच की, असं तिला वाटलं. लग्न होऊन ती कॉलनीतल्या क्वार्टरात आली तेव्हा ऐन विशीत होती. श्रीहरी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून क्लबाच्या मैदानात सिनेमा दाखवायला न्यायचा. ती पोरगी त्याच्या डोक्यात कुठंतरी बसलेली असेल. त्याच वेषात समोर गेलं तर एकदा तरी तो नावानं हाक मारील. त्या एका हाकेच्या आशेवर ती हो म्हणाली.

पण त्या काळातलं घरात काहीच उरलं नव्हतं. नायलॉनच्या साड्या भांडेवालीला देऊन त्यांच्या बदल्यात गंज आणि पराती केव्हाच घेऊन झाल्या होत्या. लग्नातली पांढरी साडी तेवढी पेटीत होती, पण ती काही नाचगाण्याच्या ठिकाणी नेसायची नव्हे. दीपिकाला चंद्रपुरातलं एक दुकान माहीत होतं. तिथं एक तरुण बाई कुठून कुठून जुने कपडे गोळा करायची, धुऊन, इस्त्री करून, रफू करून विकायची. हल्लीच्या कॉलेजच्या पोरी ते हौसेनं घ्यायच्या, फोटो काढायच्या.

"म्हंजे कोणाचे उतरलेले कपडे?" सत्यशीलानं विचारलं.

"आता फॅशन हाय आई त्याची."

 सत्यशीलाच्या आजीनं हयातभर मालगुजाराच्या घरचं उतरलेलं लुगडं नेसलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी घरात सांगून टाकलं होतं, आजपासून या घरात कोणाचा उतरलेला कपडा यायचा नाही. फाटकं नेसू पण आपलं नेसू. सत्यशीलाचा जन्म त्यानंतरचा. तिनं ते कायम पाळलं होतं. थोरल्या जावेनं दिलेलं स्वेटरसुद्धा तिनं कधी अंगात घातलं नव्हतं.

तरी ती गेली. तिघंही एसटीनं चंद्रपूरला गेली. कोळशाच्या ट्रकांची धूळ आत येत होती म्हणून खिडकी लावून घेतलेली, आणि श्रीहरी काचेवर बोट टेकवून बाहेरचं काहीतरी मोजल्यासारखं करत होता. दुकान गोल बाजारापासून जवळच, एका जिन्याखाली होतं. सत्यशीला उंबऱ्याशी घोटाळली. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी कोणी पाहत तर नाही ना असं तिला झालं.

आत दीपिकानं सासऱ्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्यासाठी बेलबॉटम पँट, लांब कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट काढला. सत्यशीला साड्यांचा ढीग चाळू लागली. मन लागत नव्हतं. प्रत्येक साडीला कोणाच्या तरी घरचा वास येतोय असं वाटत होतं. दुकानवाली एकेक उलगडून दाखवत होती, ही नाही, ती नाही, चाललं होतं. श्रीहरी स्टुलावरून कधी उठला कोणाला कळलं नाही. तो मागून आला, ढिगात हात घातला आणि तळाची एक साडी ओढून काढली. हळदीच्या रंगाची, पातळ नायलॉनची, तिच्यावर काळे गोल ठिपके. त्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"हेच," तो म्हणाला.

दीपिका हसली. "बाबा, सोडा, पाहू द्या न."

तो सोडेना. त्याचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांत त्या चेहऱ्यावर भुकेशिवाय आणि भीतीशिवाय काही उमटलं नव्हतं. 

"कोणासाठी जी?" तिनं हळूच विचारलं.

श्रीहरीनं मान खाली घातली. एखाद्या तरण्या पोरासारखा लाजला.

"तिच्यासाठी," तो म्हणाला.

सत्यशीलानं दीपिकाकडे पाहिलं, दीपिकानं सासूकडे. दोघींच्याही डोळ्यांत पाणी तरळलं. सत्यशीलानं पदर डोळ्यांना लावला आणि दुकानवालीला म्हणाली, "बाई, हेच बांधा." वडिलांचा शब्द तिनं त्या घटकेला मोडला आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. एसटीत परतताना ती आठवून पाहत होती, आपल्याजवळ अशी पिवळी ठिपक्यांची साडी होती का कधी. काही केल्या आठवेना. असेल, ती मनाशी म्हणाली. आपणही म्हातारे झालोच. त्याला आठवतं आणि मला नाही, असंही होऊ शकतं.

पुढचे दिवस ती वेगळ्याच तंद्रीत होती. साडीचा काठ एका ठिकाणी उसवला होता, तो तिनं बारीक टाक्यांनी शिवला. काळ्या सॅटिनचा ब्लाऊज दीपिकानं जुन्या चित्रांत पाहून शिवून घेतला, कोपरापर्यंत बाह्यांचा, मागून बंद गळ्याचा. त्या संध्याकाळी दीपिकानं सासूचे केस मागं फुगवून अंबाडा घातला, कानांत मोठ्या गोल बाळ्या घातल्या, डोळ्यांत काजळाची रेघ कानाकडं ओढली. सत्यशीला आरशापुढं उभी राहिली तेव्हा तिला स्वतःचं हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. सुरकुत्या होत्या, पोट होतं, पण पाठ अजून ताठ होती.

श्रीहरीलाही सजवलं होतं. दीपिकानं काजळाच्या पेन्सिलीनं त्याचे कल्ले लांब केले होते. तो पलंगावर बसून बेलबॉटमच्या घेराकडे पाहत होता. सत्यशीला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. 

त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठला, तिच्याभोवती अर्धा फेरा घेतला आणि तिच्या अंबाड्याकडं बोट दाखवून म्हणाला, "कनकांबरं नाई लावली?"

"काय जी?"

"कनकांबरं," तो पुन्हा म्हणाला. जणू तिला हे माहीतच असायला हवं होतं.

शब्द काही तिला कळला नाही. असेच अर्धवट शब्द हल्ली त्याच्या तोंडून यायचे. पण त्यानं 'बाई' म्हटलं नव्हतं, हे तिनं बरोबर टिपलं. रिक्षात बसताना त्यानं तिचा पदर दारात अडकू नये म्हणून उचलून धरला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

क्लबाच्या हिरवळीवर रंगीत बल्बच्या माळा सोडल्या होत्या. म्हातारे लोक मोठाल्या कॉलरी आणि गळ्यात रुमाल बांधून एकमेकांना चिडवत होते, बायका उंच अंबाडे सांभाळत जपून चालत होत्या. 'जय भीम', 'नमस्कार', 'अरे तू अजून हायेस काय' असं चाललं होतं. श्रीहरीच्या खात्यातले दोघं-तिघं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. तो सगळ्यांकडं पाहून हसला, ओळखलं कोणालाच नाही. अश्वजितची खाणीत दुपारची पाळी होती, म्हणून ही तिघंच आली होती. कडेचं एक टेबल पाहून बसली. दीपिका ताटं वाढून घेऊन आली.

जेवताना श्रीहरी हातातला घास ठेवून सत्यशीलाकडं वळला. अगदी जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एप्पुडोच्चिनव?"

दीपिकानं चमकून पाहिलं आणि ती हसायला लागली. "आई, बाबा तं तेलुगू बोलून राह्यले! कधी आली म्हणून विचारतात तुमाले." राजुऱ्याला दीपिकाच्या माहेरची अर्धी गल्ली तेलुगू बोलणारी, तिला ती भाषा चांगली येत होती.

"तेलुगू?" सत्यशीला म्हणाली. "ह्यायले कुठी येते तेलुगू?" लग्नापासून आजवर तिनं त्याच्या तोंडून त्या भाषेतला एक शब्द ऐकला नव्हता.

श्रीहरी बोलतच होता. भरभर, खालच्या आवाजात, तिच्या मनगटावर बोटं ठेवून. इतकं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. दीपिका हसत हसत सांगत होती, "म्हणतात, नदीले लय पाणी होतं. नाव नाई सोडली तिकडून, म्हणून मले याले उशीर झाला... म्हणतात, साडी नेसली तू, मले बरं वाटलं. मी चंद्रपुरातून आणली तुझ्यासाठी, पहिल्या पगारात... तुले सांगतलं होतं न, पिवळी आणीन..."

दीपिकाचं हसू हळूहळू उतरत गेलं. ती थांबली.

"सांग," सत्यशीला म्हणाली.

"आई, राहू द्या. काहीही बोलतात ते."

"तू सांग, पोरी."

दीपिकानं खाली पाहिलं. "म्हणतात, फागुनात येऊन तुझ्या बापाशी बोलतो. तो नाई म्हणला तरी... तरी मी तुले घेऊन जाईन. नावेतून जाऊ म्हणतात. अन् तुमाले... सम्मक्का म्हणून हाक मारून राह्यले."

टेबलावर भाताची वाफ निघत होती. सत्यशीलाला नदीकाठचं, तेलंगणाच्या हद्दीवरचं सिरोंचा आठवलं. कारखान्यात लागण्याआधी श्रीहरी तिकडं लाकडाच्या डेपोवर वर्ष-दोन वर्षं कामाला होता. एवढंच तिला माहीत होतं. लग्न झाल्यावर एकदा तिनं विचारलं होतं, कसं होतं तिकडं. तर म्हणाला होता, "मच्छर होते." पुढं तिच्या मावसभावाचं लग्न सिरोंच्याला होतं, सगळे निघाले, हा एकटा पोट दुखतं म्हणून घरी राहिला. तिनं त्यावर कधी दुसऱ्यांदा विचार केला नव्हता.

"कनकांबरं म्हंजे काय गं?" तिनं विचारलं.

"अबोली," दीपिका म्हणाली. "तिकडच्या बाया केसात माळतात."

सत्यशीलानं आपला हात त्याच्या बोटांखालून काढून घेतला. "आइका," ती म्हणाली. "मी सत्यशीला होय. तुमची बायको. मी सम्मक्का नाई."

श्रीहरीनं तिच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला. तो तिला ओळखत नव्हता. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, टेबलांवर, गाणाऱ्यांकडं, फाटकाकडं. "पोयिंदा?" त्यानं दीपिकाला विचारलं. "पोयिंदा?"

"गेली का, म्हणतात," दीपिका पुटपुटली.

तो खुर्चीवरून उठायला लागला. पाय बेलबॉटमच्या घेरात अडकला, ताट कलंडलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी काजळाच्या कल्ल्यांवरून खाली येत होतं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. सत्यशीलानं त्याला दोन्ही दंडांना धरून खाली बसवलं. तो तिच्या पिवळ्या पदराकडं पाहत राहिला आणि पुन्हा, जरा ओळख पटल्यासारखं, घाबरत घाबरत म्हणाला, "कोपमा?"

हा शब्द सत्यशीलाला कोणी सांगावा लागला नाही. तरी तिनं दीपिकाकडं पाहिलं.

"रागावली का, म्हणून विचारतात," दीपिका म्हणाली. आता तीही रडत होती.

 माणसाचं लग्नाआधी कोणावर मन असतं, यात सत्यशीलाला काही नवल नव्हतं. तिचंही गावातल्या एकावर होतं, शाळेत असताना. दुखत होतं ते वेगळंच. रिक्षाच्या दारात पदर उचलून धरणारा, नदी उतरायची वाट पाहणारा, पहिल्या पगाराची साडी आणणारा माणूस याच्या आत होता. सगळा वेळ होता. एवढ्या वर्षांत तिच्या घरात, तिच्या बाजूला झोपून, तो एकदाही बाहेर आला नव्हता.

"राग नाई, असं कसं म्हणतात?" तिनं दीपिकाला विचारलं.

"आई..."

"सांग न."

"नाकु कोपम् लेदु."

सत्यशीलानं ते ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिलं. मग श्रीहरीकडं वळून, त्याचे डोळे पदरानं पुसत, मोठ्यानं म्हणाली, "नाकु कोपम् लेदु." उच्चार बरोबर आला की नाही तिला कळलं नाही. पण श्रीहरीनं लांब श्वास सोडला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि लहान मुलासारखा शांत होऊन बसला.

तिथून लगेच निघता आलं असतं तर बरं झालं असतं. दीपिका रिक्षा पाहायला उठलीच होती. तेवढ्यात माईकवर चंदननं नावं पुकारली. चंदन म्हणजे क्लबाचा कार्यक्रम सांभाळणारा, कारखान्यातलाच तरणा गडी, गोड बोलणारा. संध्याकाळची सगळ्यांत शोभून दिसणारी जोडी म्हणून त्यानं श्रीहरीभाऊ आणि सत्यशीलाबाईंना पुढं बोलावलं. हात हातात घेऊन बसलेली दोघं त्याला लांबून दिसली असणार. टाळ्या पडल्या. श्रीहरी टाळ्यांच्या दिशेनं उठून चालू लागला. त्यानं सत्यशीलाचा हात सोडला नव्हता, त्यामुळं तिलाही जावं लागलं.

मंचावर त्यांच्या गळ्यात हार घातले. चंदननं माईक श्रीहरीच्या तोंडापुढं धरला. "भाऊ, असंच जाऊ देणार नाई आपण. वहिनीचं नाव घ्या, मंग बक्षीस."

खालच्या बायकांनी गिल्ला केला. श्रीहरीनं माईककडं पाहिलं, मग तिच्याकडं. तो प्रसन्न हसला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "सम्मक्का."

 त्याच्या खात्यातल्या एकानं भुवया उंचावलेल्या तिला दिसल्या. चंदन गोंधळला.  सत्यशीलानं हात पुढं करून माईक आपल्याकडं ओढला.

"ते मले लाडानं तसं म्हणतात," ती म्हणाली. "पहिलेपासून."

मग हशा उसळला, शिट्ट्या झाल्या. "वा, श्रीहरीभाऊ!" कोणीतरी ओरडलं. इतक्या वर्षांत कोणाला पत्ता लागू दिला नाही म्हणून मित्रांनी त्याची थट्टा केली. बक्षीस म्हणून चादरीचा जोड मिळाला. सत्यशीला हसत खाली उतरली. हसताना गालांना कळ लागत होती.

घरी येऊन तिनं आधी त्याचे कपडे बदलले, ओल्या फडक्यानं कल्ले पुसले. मग स्वतःची साडी सोडली आणि घडी घालून दीपिकाच्या हातात दिली. "तुह्याकडं ठेव," ती म्हणाली. "माह्या डोळ्यापुढं नको." अश्वजितला यातलं काही सांगायचं नाही, असंही तिनं बजावलं. दीपिकानं ते पाळलं. त्या रात्री सासूच्या पायांशी बसून ती एवढंच म्हणाली, "मीच नेलं तुमाले. मीच हट्ट केला." सत्यशीलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

श्रीहरीसाठी मात्र ती संध्याकाळ संपली नाही. साडी दृष्टीआड गेली तरी नाव राहिलं. तो सत्यशीलाला पुन्हा 'बाई' म्हणाला नाही. सकाळी उठला की 'सम्मक्का' म्हणून हाक मारायचा, आणि ती ओ द्यायची. ओ दिली नाही तर तो घाबरून फाटकापर्यंत जायचा, म्हणून द्यावी लागायची. मराठी शब्द त्याच्या तोंडून गळत गेले, तेलुगू तेवढे उरले. सत्यशीला दीपिकाकडून एकेक शब्द शिकली. जेवलास का, झोप, पाणी, दुखतं का. साठी उलटल्यावर ती आपल्याच घरात दुसरीच्या भाषेत संसार करू लागली.

बाहेरही तेच. क्लबातली गोष्ट कॉलनीभर झाली होती. बाजारात भाजी घेताना ओळखीच्या बाया लांबून हाक मारायच्या, "काय सम्मक्काबाई, कसे हायेत भाऊ?" त्यांना कौतुक होतं. एका जुन्या शेजारणीनं तर डोळे पुसत सांगितलं, "आमच्या ह्यायनं मले अजून 'आइकतं का'च्या पलीकडं नाव नाई ठेवलं. तू नशीबवान हायेस." सत्यशीला हो म्हणाली आणि वांगी निवडत राहिली.

कधी कधी ती त्या खऱ्या सम्मक्काचा विचार करायची. जिवंत असेल का, कोणाच्या घरी असेल. नदीकडं पाहत किती दिवस थांबली असेल, आणि मग कोणाशी लग्न लावून गेली असेल. तिचा राग करून पाहिला, तो येईना. त्या बाईला तरी काय मिळालं होतं, एक साडी.

उन्हाळा लागला तेव्हा श्रीहरीचं खाणं कमी झालं होतं. एका सकाळी तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, सत्यशीला खाली बसून तांदूळ निवडत होती, दीपिका दोरीवर कपडे टाकत होती. सत्यशीलाच्या मनात कित्येक दिवस एक प्रश्न होता. त्याचं तेलुगू तिनं आदल्या दिवशीच दीपिकाकडून घेतलं होतं. दीपिकानं नको नको म्हटलं होतं, तरी घेतलं होतं.

सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "नी पेंड्लाम एट्लुंटदि?" तुझी बायको कशी आहे.

श्रीहरीनं कपाळाला आठ्या घातल्या. बायको आहे, हे त्याला आठवत असावं, कारण तो प्रश्नाला हसला नाही की चिडला नाही. रस्त्यानं एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत तो विचार करत राहिला. दीपिका ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी होती.

"मंची मनिषी," तो शेवटी म्हणाला. मग आणखी थोडं आठवल्यासारखं करून स्वयंपाकाबद्दल दोन शब्द बोलला.

"आई," दीपिका म्हणाली, "ते म्हणतात का..."

"समजलं मले," सत्यशीला म्हणाली. चांगली बाई आहे. स्वयंपाक चांगला करते.

आणखी काही येतं का म्हणून ती थोडी थांबली. श्रीहरीनं डोळे मिटले होते. तिनं सूप उचललं, उंबऱ्याचा आधार घेऊन उठली आणि भात टाकायला आत गेली.